कानामागची जागा

बार्गाऱ्याच्या किनाऱ्यावर दर रविवारी सकाळी निपर्सची, म्हणजे छोट्या जीवरक्षकांच्या क्लबाची, पोरं पोहायला जमतात, आणि पाण्यात पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाला नोएलीन हॅगर्टीच्या हाताखालून जावं लागतं. अकरा वर्षांचा हा नेम. घडीच्या खुर्चीत ती बसणार, मांडीवर सनस्क्रीनची बाटली, समोर चाळीस पोरांची रांग. नाक, गाल, मान, मग डाव्या हाताने एकेक कान दुमडून कानामागे. नोएलीनने लावलं की काळजी मिटली, असं पोरांच्या आया म्हणत. तिला ते ऐकायला आवडायचं. खरं तर ते ऐकल्यावाचून तिचा आठवडा जात नसे.

त्याचं कारण क्लेम. ऊसतोडणीचं यंत्र चालवणारा तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी एका काळ्या तिळाने, कातडीच्या कॅन्सरने, गेला. तीळ उगवला तो नेमका कानामागे, जिथे नोएलीन अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी स्वतःच्या हाताने क्रीम चोळत आली होती. क्लेम चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायचा.

"ॲव्होबेन्झोन! ही बेन्झोबाई कोण गं? रोज माझ्या गालाला हात लावते, आणि तू तिला खुशाल घरात घेतेस!"

"गप बस आणि मान वळव."

मग ऊन आत शिरलं कुठून? दवाखान्यात तिने त्याला विचारलंच. "खरं सांग, तू पुसून टाकायचास ना?"

क्लेमने खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "हो. खाजायचं गं तिथे."

त्या एका वाक्यावर नोएलीनने सहा वर्षं काढली. मेलेल्या माणसावर रागावून राहणं सोपं नसतं, पण तिला ते जमलं. आपला हात चुकला नाही, एवढं तिला पुरे होतं. मुलगी रोवेना एकदाच म्हणाली होती, "बाबा पुसणाऱ्यातले नव्हते." त्यावरून मायलेकी वर्षभर धड बोलल्या नाहीत.

त्या रविवारी ब्रिस्बेनहून आरोग्यखात्याची टेगन नावाची मुलगी एक कॅमेरा घेऊन आली. आपल्या डोळ्यांना न दिसणारे किरण त्याला दिसतात, म्हणाली. क्रीममधलं ॲव्होबेन्झोन ते किरण पिऊन टाकतं, म्हणून क्रीम लावलेली कातडी पडद्यावर काळी दिसते. जिथे लागलं नाही तिथे उजळ.

नोएलीनने नुकती क्रीम लावलेली पहिली दहा पोरं तंबूत उभी राहिली. पडद्यावर दहा तोंडं कोळशासारखी काळी झाली. त्यात डोळे तेवढे लकाकत होते. पोरं खिदळली. "भूत! मार्लो, तू भूत दिसतेस!" नोएलीनच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. बाहेर लख्ख ऊन होतं, पोरं रोजच्यासारखी गोरी, ठिपक्यांची होती, आणि पडद्यावर तीच पोरं जळून गेल्यासारखी हसत होती.

"वा, आजींचं काम पक्कं आहे," टेगन म्हणाली. "आता सगळ्यांनी पाठ फिरवा रे."

पोरं वळली. काळ्या मानांवर, प्रत्येकाच्या दोन्ही कानांमागे, एकेक उजळ डाग होता. लांबट, थोडा तिरका. दहाही जणांना तोच.

"योगायोग," टेगन पुटपुटली आणि तिने पुढची दहा पोरं बोलावली. तेच. तिसरी रांग आली, चौथी आली. आता कुणी हसत नव्हतं. चाळीस पोरांचे कान धरून जणू एकच कुणीतरी त्यांच्या मागे उभं होतं.

नोएलीनने आपला डावा हात वर करून पाहिला. कान दुमडायचा तर अंगठा मागच्या हाडावर टेकवावा लागतो. उजव्या हाताने क्रीम फिरतं ते त्या अंगठ्याच्या भोवतीने. संधिवाताने अंगठा वाकडा झाला होता, तसाच तो डागही वाकडा. क्लेमचा कानही ती असाच धरायची. अठ्ठावीस वर्षं, रोज.

ती तिथेच वाळूत बसली. शिट्टी गळ्यात अडकवून पोरांना शिकवणारी रोवेना धावत आली, तिने आईला खुर्चीत बसवलं आणि पडद्याकडे बघताच तिला काय ते कळलं.

"तो पुसत नव्हता," नोएलीन म्हणाली.

"नव्हते."

"तुला ठाऊक होतं?"

"बाबांनी सांगितलं होतं, आई. म्हणाले, मी पुसायचो असं तिला कबूल केलंय, तू मध्ये तोंड घालू नकोस. नाहीतर ती पुन्हा कुणाला हात लावायची नाही." रोवेनाने पोरांकडे पाहिलं. "पण चुकलं कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं गं. मला ठाऊक असतं तर या पोरांना..."

नोएलीन रडली नाही. रडायला वेळ कुठे होता? बाहेर ऊन चढत होतं आणि चाळीस पोरं तशीच उघडी उभी होती. तिने बाटली मांडीवर घेतली आणि रांग पुन्हा लावायला सांगितली.

सगळ्यात पुढे मार्लो होती. सवयीने नोएलीनचा डावा हात तिच्या कानाकडे गेला आणि वाटेतच थांबला. तो हात तिने मांडीखाली सरकवला आणि ती त्यावर बसली.

"कान तूच धर गं बाई," ती म्हणाली. "वरून, टोकाला."