केवढ्याला मिळाली, ते सांगायचं नाही

आमच्या घरात वाइनमधलं सगळ्यात कमी मला कळतं, म्हणून वाइन आणायचं काम माझ्याकडे आहे.

विद्या, म्हणजे माझी बायको, ही निफाडची. तिच्या वडिलांची द्राक्षबाग होती, त्यामुळे द्राक्षांमधलं तिला सगळं कळतं. पण तिच्या मते द्राक्षं खायची असतात, बाटलीत भरून विसरून जायची नसतात. आमची लेक मुक्ता हिला वाइनमधलं खरंच कळतं, पण ती राहते बॉस्टनला. म्हणजे मॉरिसव्हिलच्या घरात उरलो मी. मला एक गोष्ट मात्र उत्तम जमते. कुठलीही वस्तू जगाला ज्या भावात मिळते, त्यापेक्षा कमी भावात मी ती आणतो. आणि आणल्यावर चारचौघांना ते सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

कोणी म्हणालं, शर्ट छान आहे हो, की सभ्य माणसं थँक यू म्हणतात. मी म्हणतो, "ओळखा, केवढ्याला?" समोरचा बिचारा काहीतरी आकडा सांगतो. मग मी खरा आकडा सांगतो आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. या सुखाला पर्याय नाही. (विद्या म्हणते, हा आजार आहे. पण तिने स्वतः मागच्या महिन्यात सेलमधला कुकर सगळ्या भिशीला फिरवून दाखवला होता, ते ती सोयीस्करपणे विसरते.)

तर एका बुधवारी मुक्ताचा फोन आला. डॅनियल आणि ती तीन वर्षं बरोबर आहेत. मुलगा गुणी आहे, आमच्याकडे आला की स्वतःचं ताट स्वतः विसळतो, आणखी काय पाहिजे! त्याचे आईवडील आमच्याच राज्यात, गाडीने अडीच तासांवर शार्लटला राहतात. येत्या शनिवारी दुपारी ते दोघं आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला येणार, मुक्ता आणि डॅनियलही येणार, असा बेत ठरला होता. डॅनियलची आई कॅरोल इथलीच. वडील ल्यूक मात्र मूळचे फ्रान्सचे, शाळेत गणित शिकवून आता निवृत्त झालेले.

"बाबा, एक चांगली फ्रेंच वाइन आण," मुक्ता म्हणाली. "आणि प्लीज, केवढ्याला मिळाली ते सांगू नकोस. धिस इज इम्पॉर्टंट टु मी."

तिचा आवाज कापरा झाला होता. ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये नापास झाली तेव्हासुद्धा ही मुलगी हसत घरी आली होती. मी म्हटलं, नाही सांगणार, तुझी शपथ. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे शपथेला विद्या साक्षीदार झाली. ते पुढे मला फार महागात पडलं.

आमच्या घरापासून जरा लांब एक स्वस्ताईचं दुकान आहे. मोठ्या दुकानांत जे खपत नाही ते तिथे येऊन पडतं. टॉवेलशेजारी ऑलिव्ह ऑइल, ऑलिव्ह ऑइलशेजारी कुत्र्याची बिस्किटं, आणि एकदम मागे, गेल्या ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळांपलीकडे, वाइन. लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. मी पोचतो.

आता माझी पद्धत ऐका, कारण ती खरोखरच चांगली आहे. फ्रान्समधल्या ज्या गावाचं नाव आपण ऐकलेलं आहे, त्या गावच्या वाइनच्या वाटेला जायचंच नाही. त्याच्या शेजारचं गाव शोधायचं. पेटीवर देवगड लिहिलं की आंब्याचा भाव दुप्पट होतो की नाही? आणि शेजारच्या गावचा आंबा, तीच माती, तोच वारा, निम्म्या भावात मिळतो. फ्रान्समध्ये काही वेगळं नसणार, असं मी गृहीत धरलं. दुकानात उभं राहून फोनवर नकाशा मोठा करून बघितला, एका नामांकित गावाच्या अगदी कुशीतलं एक कधी नाव न ऐकलेलं गाव सापडलं, आणि त्या गावाची लाल वाइन समोरच्या फळीवर धूळ खात होती. लेबलवर एका महालाचं चित्र होतं. एक बाटली घरी आणली. विद्याने घोटभर घेतली आणि कोकम सरबतात साखर घालायची राहिलीय असा निकाल दिला. पण अर्ध्या तासाने तिचा पेला रिकामा होता. मी तसाच परत गेलो आणि सहा बाटल्या घेऊन आलो.

भाव? सांगतो, सांगतो. तुम्हाला सांगायला शपथ आड येत नाही. सहा डॉलर नव्व्याण्णव! फ्रेंच वाइन, महालासकट!

शनिवारी सकाळी विद्याने बाटल्या टेबलावर मांडल्या आणि कपाळाला हात लावला. प्रत्येक बाटलीवर, बरोब्बर महालाच्या छपरावर, नारिंगी रंगाचं गोल स्टिकर होतं. त्यावर 'क्लिअरन्स' आणि खाली भाव. मी तोंडाने सांगायचं नाही अशी शपथ घेतली होती, बाटल्यांनी घेतली नव्हती. मी नखाने खरवडून बघितलं. स्टिकर हलेना. विद्याने हेअर ड्रायर चालवून बघितला. मग तिने तिच्या माहेरचा रामबाण उपाय काढला, खोबरेल तेल. सहाही बाटल्यांना तिने अभ्यंगस्नानासारखं तेल चोळलं आणि वर गरम पाण्याच्या बादलीत बसवलं. जरा भिजू द्या, म्हणाली, आणि आम्ही दोघं भरल्या वांग्यांच्या मागे लागलो.

वांगी झाली, मसालेभात झाला, मग आठवण झाली. बादलीत डोकावलो तर सहा महाल पाण्यावर तरंगत होते. लेबलं सबंध निघाली होती. नारिंगी स्टिकरं मात्र त्यांना अजून घट्ट चिकटलेली. बाटल्या खाली नागव्या, तेलकट आणि निनावी.

दुसरी वाइन आणायला वेळ नव्हता. पाहुणे निघाल्याचा मेसेज येऊन गेला होता. मी म्हटलं, पितात आतलं, वाचतात बाहेरचं, काय बिघडतं? विद्या म्हणाली, "अहो, लेबल नसलेली बाटली आपण व्याह्यांपुढे ठेवणार? गावठी दारूसारखी?" व्याही हा शब्द तिने पहिल्यांदाच वापरला. मग तिने बाटल्या साबणाने घासून पुसल्या आणि मी एक उघडून टेबलावर ठेवली. जे होईल ते होईल.

पाहुणे आले. कॅरोल मोकळ्या स्वभावाची, आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरली. ल्यूक उंच, शांत आणि मोजून बोलणारा. मुक्ता माझ्याकडे, विद्याकडे आणि ल्यूककडे आळीपाळीने अशी बघत होती, की तिच्या डोळ्यांतली धाकधूक मला पलीकडच्या खुर्चीवरून दिसत होती. संभाषण अर्थात इंग्रजीत चालू होतं. ल्यूकने ग्लास उचलला, फिरवला, नाक आत घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"यात नारळाचा वास आहे का थोडा?" त्याने विचारलं.

विद्याने पापड तळायला घेतले. मी म्हटलं, असेल, तिकडची माती तशी असेल. ल्यूकने एक घोट घेतला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, बाटली हातात घेऊन गोल फिरवली. मग फार गंभीरपणे म्हणाला, की त्याच्या आजोबांच्या गावात उत्तम वाइन अशीच यायची. लेबल नाही, काही नाही. ओळखीच्या शेतकऱ्याने घरची म्हणून दिलेली. तर ही कोणाची?

मी तोंड उघडलं. खरं काय ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं, आकड्यासकट. मुक्ताने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. आणि तेवढ्यात, जी आयुष्यात कधी शेजाऱ्यांशीसुद्धा खोटं बोलली नाही, ती माझी बायको पापडाचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, "ह्यांचे मित्र आहेत, पाटील म्हणून. त्यांची बाग आहे व्हर्जिनियात."

आमचा व्हर्जिनियात कोणी पाटील नाही. मला वाटलं, विषय इथे मिटेल. पण ल्यूकला बागेत फारच रस वाटला. मग छाटणी कधी करतात, वेलींना मांडव कसला, गारपीट झाली तर काय, पाखरांचं काय करतात, असं तो विचारत गेला, आणि विद्या खडान्‌खडा सांगत गेली. निफाडची सगळी बाग तिने उपटून व्हर्जिनियात लावली. तिच्या वडिलांनी एका थंडीच्या लाटेत रात्रभर बांधावर शेकोट्या पेटवून द्राक्षं वाचवली होती, ते सांगताना तर तिचे डोळे भरून आले. फक्त शेकोट्या पाटलांनी पेटवल्या. कॅरोलने तिचा हात हातात घेतला. ल्यूक म्हणाला, असा माणूस भेटायला हवा.

आता माझी अवस्था काय झाली असेल, विचार करा. मी नकाशे बघितले, मी धूळ खाल्ली, शेजारच्या गावाची युक्ती माझी, आणि प्रत्येक घोटाला वाहवा कोणाची, तर पाटलांची! दुसरी बाटली उघडली, पाटलांच्या नावाने. मसालेभाताबरोबर ती फारच छान लागते, त्याचंही श्रेय पाटलांना. त्या नसलेल्या माणसाचा मला इतका राग आला, की तो समोर असता तर मी त्याला जेवायला वाढलं नसतं.

श्रीखंड झालं. आणि मग ल्यूकने चमचा खाली ठेवून विषय काढला. मुलांच्या मनात पुढचं काही असेल, आणि असावं अशी आमची इच्छा आहे, तर त्या समारंभाला हीच वाइन असावी, असं तो म्हणाला. पाटलांची. आपण चौघांनी पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे जाऊन यावं. तुम्ही मला त्यांचा फोन नंबर द्या.

मुक्ताचा चेहरा उतरला. तीन वर्षं तिने ज्या दिवसाची वाट बघितली, तो दिवस आता एका अस्तित्वात नसलेल्या पाटलावर येऊन अडला होता. आज खोटा नंबर द्यायचा आणि उद्या पोरीने सासरी तोंड कसं दाखवायचं? मी विद्याकडे बघितलं. ती ताटातल्या श्रीखंडाकडे बघत होती. शपथ लेकीची होती, आणि संसारही लेकीचाच होता. मी उठलो, गराजमध्ये लपवलेली बादली आणली आणि ल्यूकच्या पुढ्यात ठेवली. त्यात अजून सहा महाल तरंगत होते.

"पाटील कोणी नाहीत," मी म्हटलं. "बाग माझ्या सासऱ्यांची होती, आणि ती निफाडला होती. वाइन मी दुकानातून आणलीय." आणि मग, देवाशपथ सांगतो, मी स्वतःला फार आवरलं, पण निघूनच गेलं. "ओळखा, केवढ्याला?"

"बाबा!" मुक्ता म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ल्यूकने बादलीत बघितलंसुद्धा नाही. खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "चार डॉलर नव्व्याण्णव."

मी म्हटलं, नाही, सहा नव्व्याण्णव. तो म्हणाला, तुम्हाला सहाला मिळाली असेल. मला चारला मिळते. आणि कॅरोल हसत सुटली, हसता हसता तिला ठसका लागला. ती म्हणाली, आमच्या गराजमध्ये हीच वाइन आहे, ल्यूक गाडीची डिकी भरून आणतो आणि रोज संध्याकाळी पितो. पहिल्या घोटालाच त्याने ओळखली होती. फक्त नारळाचं कोडं त्याला सुटत नव्हतं. मग इतका वेळ बोलला का नाही? तर डॅनियलने येताना गाडीत त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की मुक्ताच्या घरी कुठल्याही वस्तूचा भाव काढायचा नाही. फोन नंबर मागितला तो पाटील किती दिवस टिकतात ते बघायला.

विद्या आधी लाजेने लाल झाली, मग पदर तोंडाला लावून हसू लागली. ल्यूक उठून तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, शेकोट्यांची गोष्ट खोटी नव्हती ना? तिने मानेनेच नाही म्हटलं. मग तुमच्या वडिलांच्या नावाने पिऊ, असं म्हणून त्याने सगळ्यांचे ग्लास भरले. डॅनियलने मुक्ताचा हात धरला, ती डोळे पुसत होती आणि हसतही होती.

त्याच वेळी त्या दोघांनी उभं राहून, लग्न ठरवल्याचं सांगितलं म्हणे. कॅरोल रडली, विद्या रडली, सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. हे मला सगळं विद्याकडून नंतर कळलं. मी तेव्हा ल्यूकला बाजूला घेऊन, शार्लटचं ते दुकान नेमकं कुठल्या रस्त्यावर आहे, ते विचारत होतो.