पत्र्याचा रंग ठरता ठरता

हडपसरच्या पुढे, जिथे महापालिकेची हद्द पोचली पण नळाचं पाणी अजून वाटेतच आहे, तिथे उत्तरेश्वरचं घर उभं होतं. दारं बसली होती, गिलावा वाळला होता, वर छपराच्या आधाराला लोखंडी कैच्याही चढल्या होत्या. नव्हतं ते फक्त छप्पर. स्लॅब पुढेमागे बघू, सध्या रंगीत पत्रे टाकू, इथपर्यंत सगळं सुरळीत ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते रंगापाशी.

उत्तरेश्वर बार्शीकडचा. मिसरूड फुटायच्या वयात पुण्यात आला आणि कारखान्यात लेथवर उभा राहिला तो राहिलाच. त्याच्या हातचं काम केसभरही इकडेतिकडे होत नाही, असं त्याचा सुपरवायझरसुद्धा कबूल करतो, आणि पुण्यातला माणूस दुसऱ्याचं काही कबूल करतो म्हणजे काम खरंच चांगलं असणार. पण स्वतःसाठी काही पसंत करायची वेळ या गृहस्थावर कधी आलीच नव्हती. अंगातले कपडे कंपनीचे, राखाडी. लग्नातला सफारी सासऱ्यांनी शिवलेला, चॉकलेटी. राहती खोली हिंमतरावांची. हे हिंमतराव मूळचे इथले शेतकरी. पूर्वी ऊस लावायचे, आता त्याच रानात भाड्याच्या खोल्या लावतात. सगळ्या खोल्यांना त्यांनी एकच पोपटी रंग फासला होता आणि उत्तरेश्वरला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भिंतीला खिळा ठोकायचा न्हाय. क्यालेंडर लावायचंच असंल तर मनातल्या मनात लावा."

त्यामुळे घराचं निघाल्यावर त्याने बायकोला, मुक्ताईला, सांगून टाकलं, "बाकी कायबी कर. छपराचा रंग मी ठरवणार."

"ठरवा की," ती म्हणाली. तिला बिचारीला वाटलं, संध्याकाळपर्यंत ठरेल.

चेतन पत्रेवाल्याच्या दुकानातून उत्तरेश्वरने प्रत्येक रंगाचा हातभर नमुना आणला आणि जो भेटेल त्याला दाखवायला सुरुवात केली. लाल चांगला होता, पण कौलं नसताना कौलांचं सोंग आणल्यासारखा वाटे. हिरवा घेतला तर लोक नर्सरी समजून रोपं विकत घ्यायला यायचे. निळ्याचं तर नावच नको, कारण गल्लीत झाडून सगळी छपरं निळी. "आपलं घर येगळं कळाय पायजे," हे त्याचं पालुपद. पिवळा त्याला मनापासून आवडला, तोही आठवडाभर. मग कुणीतरी म्हणालं, पिवळा लवकर मळतो. तेव्हापासून तो वाटेत दिसेल त्या पिवळ्या वस्तूकडे संशयाने बघू लागला.

दुकानातल्या फेऱ्या इतक्या वाढल्या की चेतनने एकदा विचारलं, "काका, पत्रेच घ्यायचेत ना? मुलगी बघायला आल्यासारखे सारखे कसे येता? बसा, चहा झालाच असेल तुमचा."

इकडे वास्तुशांतीची तारीख धरलेली. हिंमतरावांनी खोली पुढच्या भाडेकरूला देऊन टाकलेली. मुक्ताईने भांडी पोत्यात बांधली होती आणि एका पातेल्यात, एका तव्यावर संसार चालवला होता. छप्पर वेळेत चढलं नाही तर पोती घेऊन बसायचं कुठे, एवढाच तिचा सवाल होता आणि तो ती रोज जेवताना विचारत होती. रोज उत्तर यायचं, "जरा थांब." कैच्या चढवणारा फॅब्रिकेटर रणजितही फोन करून थकला. शेवटी तोही म्हणाला, "काका, रंग ठरला की मिस्ड कॉल द्या."

मग उत्तरेश्वरच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. छप्पर असतं वर, तेव्हा त्याचा रंग वरूनच बघितला पाहिजे. प्लॉटच्या मागेच एक उंच इमारत होती आणि तिथला वॉचमन निघाला बार्शीचाच. एका रविवारी उत्तरेश्वर मुक्ताईला घेऊन त्या इमारतीच्या गच्चीवर गेला. खाली निळ्या पत्र्यांचा नुसता पसारा होता आणि मधोमध त्यांचं उघडं घर, झाकण हरवलेल्या डब्यासारखं. उत्तरेश्वर हरखला. पिवळ्याचा नमुना हात लांब करून त्याने खालच्या घरावर धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "हां! आता कसं उठून दिसतंय. बघ की!"

मुक्ताईने खाली बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं.

"अवो, आपण हितं ऱ्हायला येणार हाव का?"

"हितं? हितं कशाला?"

"मग हितनं काय दिसतंय ते हितली लोकं बघतील. मला आतनं काय दिसंल ते सांगा."

उत्तरेश्वरने हातातला पत्रा उलटा केला. इतके दिवस तो अर्ध्या हडपसरला दाखवून आला होता, पण उलटा म्हणून त्याने एकदाही केला नव्हता. मागची बाजू फिकी, राखाडी होती, त्याच्या कंपनीच्या कपड्यांसारखी.

"सगळ्याच रंगांना आतनं ह्योच आसंल," तो हळूच म्हणाला.

"त्या खोलीत तुमी पडल्या पडल्या घोरता," मुक्ताई म्हणाली. "मला न्हाई लागत झोप. त्या काळ्या सिमेंटच्या पत्र्याकडं बघत पडती मी. टायफाइडात महिनाभर त्योच बघितला. त्याच्यावरला डाग न् डाग पाठ हाय मला. नव्या घरात आनिक असलाच बघत पडू व्हय?"

उत्तरेश्वरला एकदम वाईट वाटलं. इतक्या दिवसांत त्याने रंग सगळ्यांना विचारला होता, वॉचमनलाही. बायकोला नाही. आणि तिला झोप लागत नाही, हे तर त्याला ठाऊकच नव्हतं.

"तुला कुठला पायजे?"

"राणी कलर," मुक्ताई म्हणाली. श्वासभरसुद्धा थांबली नाही.

राणी कलर म्हणजे लग्नातल्या शालूचा असतो तसला भडक गुलाबी. दुसऱ्या कुणी सुचवला असता तर उत्तरेश्वरने त्याला वेड्यात काढलं असतं. पण आता तो "बरं" म्हणाला. खाली उतरल्या उतरल्या रणजितला मिस्ड कॉल दिला आणि चेतनला फोन करून सांगितलं, पत्रे पाठव, रंग कुठलाही चालेल. चेतनला आधी खरंच वाटेना. मग त्याने दुकानात जो पडून होता तो पाठवला, आणि तो अर्थातच निळा होता.

चढवायच्या आधी उत्तरेश्वरने पत्रे प्लॉटमध्ये विटांवर उलटे मांडले आणि आतल्या बाजूला स्वतःच्या हाताने राणी कलर मारला. दोन दिवस प्लॉट असा काही झळकत होता की मागच्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ लिफ्टने मुद्दाम खाली आले. चष्मा पुसत म्हणाले, "हा रंग आपण आकाशाकडे करून ठेवणार असाल तर आधी कळवा. आम्ही जाड पडदे शिवून घेतो."

"काळजी करू नका साहेब," उत्तरेश्वर ब्रश न थांबवता म्हणाला. "हा आमच्यासाठी आहे. तुमच्यासाठी निळा आहे."

वास्तुशांत ठरल्या तारखेला झाली. पाहुण्यांनी वर बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि जिलबी मागून घेतली. दुपारी सगळे पांगल्यावर दोघांनी नव्या फरशीवर चटई टाकली. उत्तरेश्वर उताणा पडून वर बघत होता. एका कोपऱ्यात ब्रशचे फराटे दिसत होते, तिथे आणखी एक हात द्यायला हवा होता. बाकी रंग बरा वाटत होता, म्हणजे बघवत होता.

"काय गं, आला का मनासारखा?" त्याने विचारलं.

त्याने मान वळवून बघितलं. मुक्ताई घोरत होती.