शांतावहिनीचा चहा फाटला

मंडळी, आज सकाळी शेजारच्या शांतावहिनीकडं चहा फाटला. दूध ताजं होतं. दुसऱ्यांदा ठेवला, तोही फाटला.

मग वहिनीनं विहिरीचं पाणी चाखलं. "भाऊजी, हे तं खारं लागून राहिलं!"

दर्यापूरकडच्या आमच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखाली सारं खारंच पाणी. नाल्याकाठची ही एकच विहीर गोड होती. पाऊस आता एकदमच कोसळते अन् वाहून जाते. ते पाणी अडवाले आमी उन्हाळ्यात नाला खोल केला. "अजून खोद!" म्हणून सारं गाव जेसीबीवाल्याले ओरडत होतं. खालचं खारं पाणी नाल्यात वर आलं अन् तिथूनच विहिरीत शिरलं.

वहिनीनं फाटलेलाच चहा माह्यापुढं ठेवला. "घ्या, तुमच्या नाल्याचा."

बशीत ओतून पेलो.

तुमच्याही गावात खोदाची मशीन आली असन. थांबाचं कुठं, हे कोणी विचारलं काय?