चादरीचं दुसरं टोक

धुलाईखान्याच्या मुकादमांना पाठीमागं सगळे मिटलंमामा म्हणायचे आणि तोंडावर नुसतं मामा. दिवसाचं काम आटपत आलं, वाफ खाली बसली, पश्चिमेच्या खिडक्यांच्या मळकट काचा लालसर व्हायला लागल्या, की मामा हॉलभर नजर फिरवायचे. कोण कोणाशी बोलत नाही, कोणी कोणाची टोपली पायानं सरकवली, कोणाचं तोंड फुगलंय, हे त्यांना पांढऱ्या कापडावरचा डाग दिसावा तसं दिसायचं. मग त्या दोघांना घड्यांच्या टेबलापाशी बोलवायचे आणि दवाखान्याची एक मोठी चादर हातात द्यायचे. एकेकाला दोन-दोन कोपरे.

मोठ्या चादरीची घडी एकट्याला जमत नाही. झटकायची दोघांनी, ताणायची दोघांनी, आणि मग एकेक पाऊल पुढं येत कोपऱ्याला कोपरा लावायचा. मनात असो नसो, शेवटी बोटांना बोटं लागतातच. बोटं लागली की मामा विचारायचे, "मिटलं का?"

दोघांनाही घर गाठायची घाई असायची. "मिटलं, मामा."

मामा खिडकीकडं हात करायचे आणि बायबलात पौलानं एका ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रातला बोध सांगायचे, की सूर्य मावळायच्या आत राग टाकून द्यावा. बॉयलरवाला जिभेचा तिखट. आभाळ भरलेलं असलं की तो म्हणायचा, "आज सूर्यच दिसत नाही मामा, आज रागाला सुट्टी द्या." आणि मामा लांब गेले की, "आमच्या मामांच्या धुलाईत डाग निघो न निघो, घडी बसलीच पाहिजे." लोक हसायचे. कधीकधी मामाही हसायचे.

माणूस ढोंगी नव्हता. जे लोकांना सांगायचा ते आधी स्वतः करायचा. एकदा मालकासमोर त्यांनी बॉयलरवाल्याला उगाच झापलं, तर संध्याकाळी चादरीचं एक टोक स्वतः धरून सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली. त्या दिवशी बॉयलरवाल्याला विनोद सुचला नाही. शुक्रवारी मामांच्या दोन खोल्यांत प्रार्थनेला माणसं जमायची. चर्चच्या पाळकांना न सुटलेली भांडणं इथं सुटायची. सख्खे भाऊ, सासू-सुना, वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेले शेजारी. शास्त्र कपाटात ठेवायचं नसतं, ते अंगावरच्या कपड्यासारखं रोज वापरायचं असतं, असं मामा म्हणायचे. लोकांना ते पटायचं, कारण त्यांना मामांचं घर दिसत होतं. मामा आणि त्यांची बायको. त्या घरात कधी भांडी आपटल्याचा आवाज नाही, की संध्याकाळी कोणाचा चेहरा पडलेला नाही.

लग्न झाल्या दिवसापासून मामांचा तोच नेम होता. दिवे लागायच्या आधी बायकोला विचारायचं, "मिटलं का?" आणि ती म्हणायची, "मिटलं." भांडण झालेलं असो नसो. पुढंपुढं तर ते सवयीचं झालं, घराबाहेर पडताना कडी लागली का बघावं तसं.

ती आजारी पडली, छातीत पाणी झालं, अंथरुणाला खिळली, तरी नेम चुकला नाही. एके दिवशी दुपारी औषधावरून जरा वादावादी झाली होती. तिला ते कडू पातळ औषध नको होतं, मामांनी चमचा तोंडाशी नेला तर तिनं हातानं ढकलला आणि औषध चादरीवर सांडलं. मामांनी निमूटपणे चादर बदलली. धुलाईवाला माणूस, खालच्या माणसाला न उठवता चादर बदलायची हातोटी त्यांना होती. मग स्टुलावर बसले. समोरच्या भिंतीवर उन्हाची पट्टी बारीक होत चालली होती. थोडं हसूनच त्यांनी विचारलं, "काय, मिटलं का?"

ती त्यांच्याकडं बघत राहिली. बराच वेळ.

"नाही," ती म्हणाली, आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

मामांनी कपाळाला हात लावून बघितला. ताप होता. तापात माणूस काहीबाही बोलतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, "सकाळी बोलू हं." सकाळी बोलायला ती उरली नव्हती.

दफनाच्या वेळी पाळक छान बोलले. म्हणाले, या बाईच्या घरात रागावर कधी सूर्य मावळला नाही. पुढच्या बाकावर मामा बसले होते. एका सूर्यास्ताचं खरं फक्त त्यांना ठाऊक होतं. ती कशाचं 'नाही' म्हणाली? औषधाचं? औषधासाठी असं कोणी बघत नाही. ज्या हिशेबावर आयुष्य उभं केलं त्यात कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि कुठं ते सांगणारी मातीखाली गेली होती.

मामा कामावर परतले, पण संध्याकाळ झाली की त्यांना हॉलमध्ये उभं राहवेना. एकदा दोन बायकांत ओल्या कपड्यांच्या ढकलगाडीवरून चांगलीच जुंपली. दिवस उतरला तसं सगळा हॉल मामांकडं बघायला लागला. एकीनं तर आपणहून चादर काढून टेबलावर ठेवली. मामांनी चादरीवरून हात फिरवला, अंगातला एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि निघून गेले. दोघी बायका चादरीकडं बघत राहिल्या. "आज सूर्य विचारपूस न करताच बुडाला," बॉयलरवाला म्हणाला. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामा इस्त्रीच्या टेबलापाशी गेले. तिथली मावशी त्यांच्याइतकीच जुनी. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाळक्या शेंगेसारखी आत वळलेली. तरुणपणी ती इस्त्रीच्या मशीनच्या गरम रुळांत चादरी सोडायची. काम भरभर उरकावं म्हणून मशीनवाल्यानं रुळांपुढची, हात अडवणारी आडवी दांडी काढून ठेवली होती, आणि चादरीबरोबर तिची बोटं आत गेली. डॉक्टरकडून पट्टी बांधून आणल्यावर मामांनी त्याच संध्याकाळी तिच्यापुढं चादर धरली होती. दुसऱ्या टोकाला मशीनवाला. तिनं एक कोपरा डाव्या हातात धरला होता, एक बगलेत. मशीनवाला ढसाढसा रडला होता, बघणाऱ्यांचेही डोळे भरून आले होते. ती गोष्ट मामांनी पुढं कितीतरी शुक्रवारी सांगितली होती.

मामांनी तिला विचारलं, की त्या दिवशी तुझं खरंच मिटलं होतं का.

मावशीनं इस्त्री उभी करून ठेवली. मामा आज असं का विचारतायत, ते तिला कळलं असावं, कारण एरवी ती चेष्टेवारी न्यायची, आज तिनं तसं केलं नाही.

"तुमचं मिटलं होतं, मामा. माझा हात दुखत होता."

मग तिनं जरा थांबून सांगितलं, की ती दांडी त्यानंतर कितीतरी दिवस तशीच काढलेली राहिली. कोणी बोललंच नाही. भांडण मिटलेलं, मग पुन्हा तोंड कसं उघडायचं? उघडलं तर माणूस देवाच्या विरुद्ध गेल्यासारखं व्हायचं. तिच्यानंतर तिथं उभ्या राहणाऱ्या पोरीला तीच गुपचूप सांगायची, हात लांब ठेव म्हणून.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही 'मिटलं का' विचारायचात," मावशी म्हणाली. "'काय झालं' असं कधी विचारलंत?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मामांना बरं वाटलं असतं.

त्या शुक्रवारी माणसं जमली तेव्हा मामांनी शास्त्र उघडलं, आणि सूर्य मावळण्याच्या त्या ओळीशी थबकले. जुन्या लाल पेन्सिलीची रेघ ओळीच्या अर्ध्यातून सुरू होत होती. अर्धी ओळ त्यांनी बोट फिरवून फिरवून काळी केली होती. अलीकडचा भाग कोरा होता, आणि त्यात राग येणारच हे धरूनच पौल बोलत होता, रागाच्या भरात पाप तेवढं करू नका म्हणत होता. मामांनी पुस्तक मिटलं. आज माझ्यापाशी सांगण्यासारखं काही नाही, तुम्हीच प्रार्थना करा, असं म्हणून ते बायकोच्या रिकाम्या पलंगाच्या कडेला जाऊन बसले. लोकांनी ते दुःखाच्या खाती टाकलं आणि हळू आवाजात दोन गाणी म्हणून ते उठले.

रविवारी उपासनेनंतर लेक आली. एकुलती एक, गावाच्या दुसऱ्या टोकाला संसार करणारी, दवाखान्यात परिचारिका. शेवटच्या आजारपणात तिनं आईचं सगळं केलं होतं, पण बापाशी ती कामापुरतंच बोलायची. आज आईचे कपडे आवरायला आली होती. दुपारभर ती कपाटासमोर बसून होती. हे इस्त्रीवाल्या मावशीला द्या, हे मंडळीत वाटा, हा स्वेटर मी नेते. मामा हो हो म्हणत होते. शेवटी पलंगावरची चादर राहिली. आई गेल्यापासून ती कोणी काढली नव्हती.

लेकीनं ती उचलली, दोन कोपरे स्वतः धरले आणि सवयीनं दोन बापाकडं दिले. दोघांनी झटकली, ताणली, उभी दुमडली. दोघांचेही हात त्याच कामात तयार झालेले. मामा एक पाऊल पुढं आले. लेक जागची हलली नाही.

"ताई," मामा म्हणाले. लहानपणापासून ते तिला ताईच म्हणायचे. "तुझी आई त्या संध्याकाळी मला 'नाही' म्हणाली. कशाचं, ते तुला माहीत आहे?"

लेकीनं चादरीचे कोपरे मुठीत घट्ट केले.

"आजीचं."

मामांना आजी लगेच आठवली, कारण तीही त्यांची शुक्रवारी सांगायची गोष्ट होती. बायकोची आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला तेव्हा मंडळीची मोठी सभा होती, बाहेरगावचे पाहुणे घरी उतरले होते, त्यांचं सगळं बायकोवर होतं. सभा आटोपली की जा, असं मामा म्हणाले. सभा आटोपायच्या आत म्हातारी गेली. त्या दिवशी बायको भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यात टिपूस नाही. मामांनी तिचा हात हातात घेतला, चुकलं म्हणाले, प्रार्थना केली आणि उजेड होता तोवर विचारलं. ती 'मिटलं' म्हणाली. केवढी ही कृपा, मामा लोकांना सांगायचे, आई गेली त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत माझ्या बायकोनं मला क्षमा केली.

"ती गोष्ट तुम्ही सांगायला लागलात की आई उठून आत जायची," लेक म्हणाली. "तुम्हाला वाटायचं, चहा ठेवायला गेली. मी आत असायची, बाबा. ती चहा ठेवायची नाही. नुसती ओट्याला धरून उभी राहायची, तुमचं सांगून होईपर्यंत."

मामांच्या हातातली चादर सैल पडली. लेकीनं तिच्या बाजूनं ओढून ती पुन्हा ताठ केली.

"तिला रडायचं होतं, आरडाओरडा करायचा होता. तुमच्याशी चार दिवस बोलायचं नव्हतं. मग कदाचित मिटलंही असतं. तुम्ही एक संध्याकाळसुद्धा दिली नाहीत तिला."

खिडकीतून आलेलं ऊन चादरीच्या मधोमध पडलं होतं. ते कडेकडं सरकायला लागलं. मामांनी खिडकीकडं बघितलं. जुना प्रश्न आपोआप जिभेवर आला, कारण एवढ्या वर्षांत जिभेला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. त्यांनी तो गिळला.

"आणि तुझं?" ते म्हणाले. "तुझं काय झालं?"

लेकीनं पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"मी अजून रागावलेली आहे, बाबा. आईसाठी, आणि माझ्यासाठीपण. आज ते जाणार नाही."

"बरं," मामा म्हणाले. "बोल."

आणि ती बोलत गेली. खेळताना शेजारच्या मुलीनं तिला खोटं पाडलं होतं आणि त्याच संध्याकाळी तिलाच हात पुढं करावा लागला होता, ते. शाळेतलं. लग्नातलं. उशी तोंडावर दाबून रडायचं ती कधी शिकली, ते. मामांना मधेमधे वाटत होतं, हे असं नव्हतं, मी असं नव्हतो म्हणालो. पण ते काही बोलले नाहीत. खांदे भरून आले, तरी त्यांनी टोक सोडलं नाही, आणि एक पाऊलही पुढं टाकलं नाही. ऊन चादरीवरून उतरलं, जमिनीवर आलं, मग नाहीसं झालं. दोघांनीही दिवा लावला नाही.

शेवटी लेकीनंच आपली बाजू पलंगावर ठेवली. पदरानं तोंड पुसलं आणि आईचा स्वेटर पिशवीत भरला. दारात चप्पल घालताना म्हणाली, "पुढच्या रविवारी येईन. अजून आहे बरंच."

"ये," मामा म्हणाले.

पायऱ्यांवरून तिची पावलं उतरत गेली, ती ऐकू येईनाशी होईपर्यंत ते दारात उभे राहिले. मग आत आले. चादर अर्धी पलंगावर, अर्धी जमिनीवर पडली होती. त्यांनी एक कोपरा उचलला आणि सवयीनं दुसऱ्या टोकाकडं बघितलं. तिथं कोणी नव्हतं. हनुवटीखाली धरून, पलंगावर पसरून, कशीबशी घडी घालता आली असती. एवढी वर्षं त्याच कामात गेली होती. पण त्यांनी तो कोपरा हळूच खाली ठेवला आणि त्या चुरगळलेल्या चादरीशेजारी बसून राहिले.