चेहऱ्याचा रंग

माझ्या तोंडाला घरात सहसा कुणी लागत नाही. खटकलं की मी बोलून मोकळी होते आणि मग दोन दिवस सगळे माझ्यापासून जपून असतात. तरीही एका बाबतीत मी दोन वर्षं मूग गिळून बसले. ही हकिगत माझ्या सासऱ्यांची आहे, पण त्यात माझाही वाटा आहे, तो आधीच कबूल केलेला बरा.

सासरे टीव्ही दुरुस्त करायचे. पिक्चर ट्यूबचे, पाठीला कुबड असलेले, उचलायला दोन माणसं लागायची ते टीव्ही. म्हणून आमच्या भागात लहानथोर सगळे त्यांना पिक्चरकाका म्हणत. एकतीस वर्षं ते एका अरुंद दुकानात त्या कुबडांमध्ये डोकं खुपसून बसले. पुढे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा दुकान बंद केलं, पण लोकांनी त्यांना सोडलं नाही. कुणाकडे नवा टीव्ही आला की दुकानाचा माणूस जोडणी करून जायचा आणि पाठोपाठ आमच्याकडे निरोप यायचा, काकांना चित्र लावायला पाठवा. मग इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी निघायची.

त्यांची एक खोड होती. इतर मेकॅनिक घरातल्या कुणाला तरी टीव्हीशेजारी उभं करतात आणि पडद्यावरचा चेहरा खऱ्या चेहऱ्याशी ताडून बघतात. सासऱ्यांना यात कमीपणा वाटायचा. “माणसाच्या गालाचा रंग मला पाठ आहे,” असं ते म्हणायचे. बातम्या सांगणारी बाई लागली की डोळे बारीक करून रंग थोडा थोडा वाढवत न्यायचे आणि एका जागी थांबायचे. “ही बघा. आता हाक मारली तर ओ देईल.” आणि खोटं कशाला सांगू, देईल असंच वाटायचं.

मग आमच्या घरच्या टीव्हीवर ती बाई लाल व्हायला लागली. आधी जरा, जिने चढून आल्यासारखी. पुढे कुणी थोबाडीत दिल्यासारखी. एका सकाळी पाहिलं तर तिचा अगदी शिजवलेला बीट झाला होता, आणि सासरे समाधानाने मान डोलावून आंघोळीला गेले. मी रिमोट घेतला आणि रंग खाली आणून ठेवला. संध्याकाळी ते म्हणाले, “कुणी हात लावला गं? आजारी दिसतेय ही.” पुन्हा वाढवला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा उतरवला. एकदा मी स्वयंपाकघरातून आले तर नवराच चोरासारखा रिमोट हातात घेऊन उभा. आम्ही दोघं हसलो. उतारवयात माणसाला भडक आवडायला लागतं, असं मी त्याला म्हटलं.

ती पळवाट होती. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी बिघडतंय हे मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. पण या माणसाकडे मिरवायला ते डोळे सोडून दुसरं होतं काय? बायको जाऊन नऊ वर्षं झाली, दुकान गेलं, हातातलं काम काळाने काढून घेतलं. उरला होता एक निरोप, काकांना पाठवा. तो माझ्या तोंडून बंद व्हावा असं मला वाटेना. म्हणून मी रोज रंग उतरवत राहिले आणि याला माया म्हणत राहिले.

अशात आमचा जुना टीव्ही गेला. चित्र आक्रसत आक्रसत मधोमध एक पांढरी रेघ राहिली. आता नवा चपटा घ्यायचा, तर एलसीडी की प्लाझ्मा, यावर बापलेकांची रोज जुंपायला लागली. नवऱ्याला एलसीडी हवा होता. वजनाला हलका, वीज कमी खातो, समोरच्या मोठ्या खिडकीतून ऊन आलं तरी दिसतो. वर आमच्या घरी दिवसभर एकच वाहिनी चालू असते. प्लाझ्मावर तिचं चिन्ह कोपऱ्यात कायमचं उमटून बसेल, ही त्याची भीती.

“माझी खुर्ची कुठे आहे?” सासरे विचारायचे. खुर्ची होती बाजूच्या भिंतीला. “तिरकं बसून एलसीडी बघितला तर चेहरा राखेसारखा दिसतो. प्लाझ्मा कुठूनही बघ, काळं ते काळं आणि माणूस तो माणूस. खिडकीला पडदा लावता येतो. पडद्यातल्या माणसाला काय लावशील?”

एवढं नेमकं त्यांना अजून कळत होतं. ऐकताना मला वाटायचं, माझीच काहीतरी चूक होत असेल, डोळे ठीक असतील यांचे.

शेवटी तिघं दुकानात गेलो. भिंतीवर एलसीडी आणि प्लाझ्मा शेजारी शेजारी लावले होते, दोन्हींवर एकच कार्यक्रम, एकच गाणारी मुलगी. दुकानातला विक्रेता चाळिशीचा, गळ्यात टाय, बोलायला मऊ. सासरे त्याला म्हणाले, “दुकानात तुम्ही सगळे झगमगीत करून ठेवता. असं बघून कुणी टीव्ही घेऊ नये. द्या इकडे, आधी मी दोन्ही माणसात आणतो, मग निवड करू.” त्याने रिमोट दिले. मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा जमिनीकडे बघत होता.

आधी प्लाझ्मा. सासऱ्यांनी डोळे बारीक केले आणि रंग वाढवत नेला. ती मुलगी गुलाबी झाली, नारिंगी झाली, मग लालभडक. ते थांबेनात. मग एलसीडी, तोही तसाच. मागून जाणारं एक जोडपं थांबलं आणि बघू लागलं.

“याच्या पुढे वाढत नाही का?” सासऱ्यांनी विचारलं.

“काका, शंभराच्या पुढे नसतं,” विक्रेता म्हणाला. पडद्यावर खाली आकडा उमटला होता, दोन्हीकडे शंभर. जुन्या टीव्हीवर नुसत्या रेघा यायच्या, त्या त्यांनी कधी मोजल्या नव्हत्या.

“लोक साधारण किती ठेवतात?”

“पन्नासच्या आसपास.”

सासरे वळले आणि मला म्हणाले, “जरा इथे उभी राहा.” मला त्यांनी दोन्ही टीव्हींच्या मधे उभं केलं. माझा गाल बघितला, मग पडदा, मग पुन्हा माझा गाल. जन्मभर ज्याला नावं ठेवली तेच करत होते. त्यांचा चेहरा इतका जवळ होता की त्यांचा श्वास मला लागत होता, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

“मला फरक दिसत नाही,” ते हळूच म्हणाले. “घरी किती असायचं?”

रेघांचा हिशेब मला पाठ होता. “तुम्ही लावलं की जवळजवळ पूर्ण. मग मी निम्म्यावर आणायची.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली, बाबा.”

त्यांनी रिमोट विक्रेत्याच्या हातात नीट ठेवले. “एलसीडी द्या,” ते म्हणाले. “हलका आहे. मला दोन्ही सारखेच.” नवरा म्हणाला, “बाबा, प्लाझ्मा घेऊ या की, तुमची खुर्ची...” पण ते दाराकडे चालायला लागले होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्यामागची नस सुकत चालली आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायला थेंब घाला. आधी आला असतात तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. ते मी आजवर मनात शंभरदा पूर्ण केलंय.

आठवडा असाच गेला. मग एका सकाळी सासरे कागद घेऊन बसले आणि दोन वर्षांत ज्यांच्याकडे चित्र लावलं त्यांची यादी केली. अकरा घरं निघाली. “चल,” मला म्हणाले. “डोळे तुझे. पण खरं सांगायचं.”

पहिल्या घरी आमचं छान स्वागत झालं. चित्र अगदी नीट होतं. “काका, तुम्ही लावलंत तसंच आहे, आम्ही हातसुद्धा लावला नाही,” घरातले म्हणाले. खाली रस्त्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, “चेहरे कसे होते?”

“ठीक होते.”

“म्हणजे त्यांनी बदललंय,” ते म्हणाले आणि यादीवर काट मारली.

दहा घरं अशीच झाली. दहा घरी गोड बोलणं आणि दहा घरी नीट चेहरे. काहींनी तर मला दारात डोळ्यांनी खूण केली, काकांना कळू देऊ नका. दहाव्या घरातून उतरताना ते जिन्यात थांबले. “एकानेही तोंडावर शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं,” ते म्हणाले. मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी तो कठड्यावर ठेवला.

अकरावं घर टेलिफोनवाल्या बाईंचं. त्या टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. दार उघडलं आणि मला समोर टीव्ही दिसला. पडद्यावर दोन माणसं बोलत होती, दोघांची तोंडं भाजून निघाल्यासारखी, ओठ कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

“भाचा आला की कटकट करतो,” बाई मला कौतुकाने सांगू लागल्या. “मावशी, हे काय लाल लाल. मी त्याला रिमोटला हात लावू देत नाही. म्हटलं, ज्यांना कळतं त्यांनी लावलंय.”

“कसं आहे?” सासऱ्यांनी मला विचारलं.

“लाल आहे, बाबा. फार लाल.”

“नीट कर.”

मी रंग निम्म्यावर आणला. बाई पुढे झुकल्या. “अगं, हे तर सगळे आजारी पडले. काका, तुम्हीच लावा हो, हिला नाही जमत.” आणि त्यांनी माझ्या हातातला रिमोट काढून सासऱ्यांच्या हातात दिला.

त्यांचा अंगठा बटणावर गेला. क्षणभर मला वाटलं, वाढवतील, बाई खूश होतील, आणि आम्ही घरी जाऊ. त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला.

“बाई, मला रंग दिसत नाहीत. दीड वर्षं तुम्ही माझी चूक बघत बसलात.”

बाईंनी विचारलं, अजिबात न रागावता, “मग आता मी कुणाचं खरं मानायचं?”

“हिचं,” सासरे माझ्याकडे बोट करून म्हणाले. “ही खरं सांगते.”

बाईंनी विश्वासाने माझ्याकडे बघितलं. त्या खोलीत चुकलेला एक माणूस होता, पण दोन वर्षं रोज सकाळी गुपचूप रंग उतरवून खोटं बोललेली मी एकटीच होते, आणि मला मान वर करता आली नाही.