जनाकाकूचा भात

नानांना काहीही विचारलं की ते आधी पायात चपला घालत. "गोदामात बियाण्याच्या किती कोठ्या आहेत?" एवढं विचारलं तरी चालत जाऊन, मोजून, परत येऊन सांगत. त्या गोदामाची किल्ली कितीतरी वर्षं त्यांच्याच कमरेला होती. "काल किती व्हत्या ते ठावं हाय. आज कुणी बघितल्यात?" असं त्यांचं म्हणणं.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला भाताचं एक लहानसं सरकारी संशोधन केंद्र आहे. नाना तिथले शेतावरचे मदतनीस. या केंद्रावर सरकारनं आजवर जे पैसे घातले, त्यातून लोकांना काय मिळालं, हे मोजायला मी पुण्याहून गेले होते. माझ्या अहवालावर केंद्र ठेवायचं की बंद करायचं ते ठरणार होतं. नानांना हे माहीत होतं. तरी पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "नाचणीची भाकरी चालंल का?"

मी मुळात कमी बोलणारी. त्यात शाळा इंग्रजी माध्यमाची. एकोणसाठ की एकोणसत्तर, इथं मी हमखास अडखळते आणि आकडा इंग्रजीत सांगून मोकळी होते. "मॅडम, भात मराठीत खाता आन् मोजता इंग्रजीत!" नाना म्हणाले. पण त्यानंतर माझ्यासमोर प्रत्येक आकडा ते सावकाश, दोनदा उच्चारू लागले. मी काही न सांगता.

चार दिवस आम्ही वाड्यावस्त्यांवर फिरलो. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. बाकी सगळं पायी. प्रत्येक घरी माझा एकच प्रश्न : केंद्रानं तयार केलेलं वाण लावता का? वाणाचं कागदावरचं नावही मी वाचून दाखवायची. "न्हाई बा," सगळीकडे एकच उत्तर. नाना शेजारी उभे राहून डोंगराकडे बघत. चौथ्या दिवशी माझ्या तक्त्यात सगळी शून्यं होती.

शेवटच्या घरी एका बाईनं जेवायला वाढलं. भात मऊ आणि गोडसर होता. बोलायचं म्हणून मी विचारलं, "हा कुठला?"

"ह्यो जनाकाकूचा भात."

"म्हणजे?"

"तिच्याकडनं बी आणलं, म्हून तिचा. सुगीला तेवढंच परत द्यायचं. आमच्याकडनं माझ्या जावंनं नेलं, ती त्याला माझा भात म्हणती."

"आणि जनाकाकूनं कुठून आणलं?"

बाई हसली. "ह्ये काय, नाना उभं हायेत की! त्यांच्याकडनंच."

बाहेर आल्यावर मी जवळजवळ भांडलेच. "नाना, हे तर केंद्राचंच वाण! तुम्ही चार दिवस गप्प कसे राहिलात?"

"तुमी मोजत व्हता. मी मधी बोललो असतो तर तुमीच म्हणला असता, नाना लोकांला पढवतोय."

"केंद्र बंद पडलं असतं!"

"पडलं असतं," ते शांतपणे म्हणाले. मग चालता चालता म्हणाले, "बी घरोघर फिरतं, ताई, तसं भेसळतं. चार-पाच सालात जनाकाकूवानी कुणीतरी परत आमच्याकडं येतं सुद्द बी न्यायला. तेवढ्यासाठी ही जागा पायजे. माझं काय, मी औंदा सुटणारच हाय."

ताई त्यांनी मला तेव्हा पहिल्यांदा म्हटलं.

मी मुक्काम वाढवून घेतला. जनाकाकूपासून सुरुवात करून कुणी कुणाकडून बी नेलं ते विचारत पुन्हा सगळी घरं पालथी घातली. छापील तक्त्यात यासाठी रकाना नव्हता, म्हणून मी घरांचा नकाशाच काढला. पुण्यातल्या बैठकीत एक साहेब म्हणाले, "ही तर नात्यागोत्याची देवाणघेवाण. यात केंद्राचं काय?" एरवी मी मान खाली घातली असती. त्या दिवशी उभी राहिले आणि अर्धा तास बोलले, मराठीत.

केंद्र ठेवायचं ठरलं ते नाना निवृत्त झाल्यावर. मी फोन केला तर नानांच्या पत्नीनं, काकूंनी, उचलला. "ते खाचरात हायेत, काय सांगू?"

"सांगा, केंद्र राहिलं."

काकूंनी तिथूनच हाळी दिली. लांबून नानांचं काहीतरी ऐकू आलं.

"ऐकलंस का गं?" काकू म्हणाल्या. "म्हणत्यात, तुझ्या नकाशात घाटाकडची सात घरं ऱ्हायल्यात. भात कापायच्या आत ये म्हणावं."