अकरा आधार कार्डं आणि सोलापूरचे दोन दिवस

सोलापूरला जायचं मी दोनदा रद्द केलं होतं. एकदा दिवाळी आडवी आली, एकदा ऑडिट. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, आता जाच. पुण्यातली आमची कंपनी चिमुकली. ऑफिसं आणि गेस्टहाऊसना सफाईची माणसं, झाडू, साबण, टॉवेल पुरवते. खरेदी माझ्याकडे. एका नव्या गिऱ्हाइकाला लेखी हवं होतं, की तुमच्या मालामागे कुणी बळजबरीनं राबत नाही. म्हटलं, सही करायची तर डोळ्यांनी बघून करू. हे ऐकायला भारदस्त वाटतं. खरं सांगायचं तर घरातली शेंगाचटणीही संपली होती.

स्वारगेटहून सकाळी सहाची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडी करून जायचा विचार सोडाच. डावीकडची खिडकी पकडा, भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी दिसतं. रोहित पक्षी मात्र बसमधून दिसत नाहीत, त्यासाठी होडी करावी लागते. टेंभुर्णीला चहा घेतला. वडापाव गार होता, घेऊ नका. पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला आणि मला तर जागेवर बसवेना. शेजारच्या आजोबांनी शेवटी विचारलंच, कुणी आजारी आहे का घरी. माझा स्वभावच तसा, पायात भिंगरी, त्यात त्यांचा काय दोष.

दुपारी सोलापूर. फेब्रुवारी संपत आला होता आणि ऊन आत्ताच डोळे वटारून होतं. मुक्काम जुळे सोलापुरात, मावसबहिणीकडे. तिनं कडक भाकरी, दही आणि चटणी पुढे ठेवली आणि विचारलं, टॉवेल घ्यायला आलीस की धाड घालायला? मी हसले. जेवून लगेच अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले. रिक्षावाला दोनशे म्हणाला, दीडशेत आला.

आमचे टॉवेल बनवणारे राजूशेठ दारातच उभे होते. आत मागांची खडखड, आणि पलीकडच्या खोलीत अकरा बायका टॉवेलच्या कडा शिवत होत्या. उजेड बरा, पंखे चालू, दाराला कुलूप नाही. सगळं ठीक वाटलं. शेठनी फाइल काढली. त्यात मी दीड वर्षापूर्वी बनवलेला फॉर्म होता. शिलाईला कोवळ्या मुली बसवू नयेत म्हणून मी त्यात मोठ्या अभिमानानं एक कलम घातलं होतं: कामगारांची मूळ ओळखपत्रं तपासणीत दाखवता आली पाहिजेत, आणि तपासणी कधीही होईल.

शेठनी लोखंडी कपाट उघडलं. रबर लावलेला आधार कार्डांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "बघा मॅडम, एक पण कमी न्हाय."

मी "छान" म्हणाले. आजही तो शब्द आठवला की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

कारण तेवढ्यात एक मशीन थांबलं आणि तिशीतली एक बाई उठून आली. नाव महादेवी. "बाई, बघून झालं न्हवं? मग माजं द्या की आता."

अक्कलकोटजवळ तिच्या आईच्या गावी मुलींच्या वसतिगृहात तिला स्वयंपाकाचं काम लागलं होतं. उद्या दुपारपर्यंत मूळ आधार दाखवायचं, नाहीतर जागा दुसरीला. झेरॉक्स चालणार नाही असं तिकडून बजावलं होतं. दिवाळीच्या आधीपासून ती कार्ड मागत होती आणि शेठ सांगत होते, पुण्याच्या मॅडम येऊन बघू देत, मग ने. आधीची एक जागा अशीच गेली होती.

"तुमी येनार, येनार म्हनून मी हितंच बसले," ती म्हणाली.

माझी दिवाळी आणि माझं ऑडिट. बाकीच्यांना विचारलं, तर एकीच्या मुलीचं बँकेचं खातं अडलं होतं, आणि एकीनं दुसरीकडे जायचा विचारच सोडून दिला होता.

शेठ वाईट माणूस नव्हेत. मी कुणाला अडवलं न्हाय, जायचं तर जावा, कार्ड तेवढं तपासणीनंतर, हे त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आत्ता कार्डं वाटली तर तीन-चार मशिनं रिकामी व्हतील. तुमचेच सहाशे टॉवेल जायचेत की आठ दिवसांत. त्यानंतर देतो, चालंल?"

हातातला चहा निवेपर्यंत मी मनात ते टॉवेलच मोजत होते. डोळ्यांपुढे साहेबांचा चेहरा होता. हे लपवून पोस्ट लिहिण्यात अर्थ नाही. मग म्हटलं, सगळी कार्डं आत्ता द्या. शेठ म्हणाले, लिहून द्या. फॉर्मच्या पाठीमागे लिहून दिलं, की कुणाचाही मूळ कागद कारखान्यात ठेवायचा नाही, आणि सही केली. नावं घेऊन कार्डं वाटली गेली. महादेवीनं अर्धी राहिलेली कड पुरी केली, दोरा तोडला आणि मग उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी गेले. जागा शांत आहे, जरूर बसा. मी पाच मिनिटंही टिकले नाही. अर्धा किलो चटणी, दोन चादरी घेऊन स्टँडवर आले, तर अक्कलकोटच्या फलाटावर महादेवी गाठोडं घेऊन उभी. मी माफी मागितली. तिनं ती घेतली नाही, टाकलीही नाही.

"पुढच्या बारीला येनार म्हनला, की या," म्हणाली आणि गाडीत चढली.

तीन बायका गेल्या, टॉवेल उशिरा आले, साहेबांनी दोन दिवस माझ्याशी तुटक बोलून घेतलं. ते सोसलं. पण सोलापूरहून आल्यापासून एका गोष्टीनं झोप उडवली होती: तो फॉर्म मी सहा पुरवठादारांना पाठवला होता. काल सकाळी झाडू पुरवणाऱ्याला फोन केला आणि विचारलं, कामगारांची कार्डं कुठे आहेत?

"अजिबात काळजी करू नका मॅडम," तो आनंदानं म्हणाला. "सगळी ओरिजिनल माझ्या कुलपात. वर्षभर कुणाला हात लावू दिला नाही."

त्याला म्हटलं, कुलूप काढून ठेवा, मी निघालेय.